तिसरीच्या वर्गाची खिडकी

एप्रिलच्या रणरणत्या उन्हातही हातात काळी छत्री घेऊन, पण ती न उघडता चालणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. अंबुजाअक्का. त्या छत्रीची एक काडी मोडलेली होती आणि उघडली तर तिचा एक कोपरा लोंबायचा. पण उघडायची वेळच येत नसे. ऊन त्यांना बाधत नव्हतं आणि पाऊस आला की त्या सरळ भिजत शाळेत येत. पाऊस बघायचा तर छत्री मध्ये येते, असं त्यांचं म्हणणं. मग बाळगता कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, फळ्यावर दाखवण्यास. आणि खरोखरच तिसरीतली मुलं बाराखडीपासून नकाशापर्यंत सगळं त्या छत्रीच्या टोकाखाली शिकली.

मी लग्न होऊन पुण्याहून मद्रासला आले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. चेन्नई हे नाव तेव्हा तमिळ माणसांच्या तोंडी असायचं, आम्ही मद्रासच म्हणायचो. नवरा बँकेत, मी घरात, आणि बोलायला चिटपाखरू नाही. अशात तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीतल्या शाळेत मराठीची शिक्षिका हवी आहे असं कळलं आणि मी धावतच गेले. शाळा मुख्यतः इंग्रजी आणि तमिळ माध्यमाची. वरच्या मजल्यावर कोपऱ्यात दोन खोल्या मराठीच्या. तंजावरकडून आलेल्या मराठी कुटुंबांनी कधी काळी हौसेनं सुरू केलेल्या. मी आले तोवर पहिली आणि दुसरी बंद पडल्या होत्या. तिसरीत अक्कांची अकरा मुलं आणि माझ्या चौथीत सहा.

पुण्याहून आल्याचा माझा तोरा काय वर्णावा. यांना आता शुद्ध मराठी म्हणजे काय ते दाखवतेच, अशा थाटात मी आले होते. पहिल्याच दिवशी अक्का कामासाठी खाली गेल्या होत्या म्हणून मी तिसरीवर गेले आणि पुढच्या बाकावरच्या रुक्कूला सांगितलं, फळा पूस. मुलगी उठली, फळ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि नुसती उभीच. मी पुन्हा सांगितलं. ती फळ्याकडे बघते, माझ्याकडे बघते, रडायच्या बेताला येते. शेवटी हळूच म्हणाली, "त्यास काय पुसू, टीचर?"

माझं डोकंच फिरलं. साधं काम सांगितलं तर उलट उत्तर. तेवढ्यात अक्का दारात आल्या आणि सगळं ऐकून पोट धरून हसल्या. मग त्यांनीच मला समजावलं की त्यांच्या मराठीत पुसणं म्हणजे विचारणं. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला येताना पूर्वजांनी जो शब्द आणला तो यांनी जपून ठेवला आणि आम्ही तिकडे त्याचं फडकं करून टाकलं. फळ्यावरचं त्या 'मिटवायला' सांगत. मी ओशाळले. पण माझी खोड जिरली असं म्हणायला नको. जिरली असती तर पुढचं घडलं नसतं.

अक्कांचं वय तेव्हा पन्नाशीचं असावं. लग्न केलेलं नव्हतं. भावाच्या घरी राहायच्या, गल्लीच्या पलीकडच्या टोकाला. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता, पण महाराष्ट्राचं तिसरीचं पुस्तक त्यांना पानांच्या आकड्यांसकट पाठ होतं. वर्गात त्यांचा एकच हुकूम चाले: दिसलं ते लिही, वाटलं ते मागाहून. प्रत्येक मुलाकडे एक 'दिसलं' वही होती. रोज सकाळी हजेरी झाली की मुलांनी खिडकीशी जायचं, गल्लीत बघायचं आणि परत येऊन दोन ओळी लिहायच्या. समोर एक मॅन्शन होतं, सडे नोकरदार राहायचे तसलं. त्याच्या गॅलऱ्यांतून दोऱ्यांवर कपडे वाळत असत. एका मुलानं लिहिलं होतं, "आज अकरा बनियन आहेत. काल बारा होते." अक्कांनी त्याला त्या बाराव्या बनियनचं काय झालं ते शोधायला लावलं. तो खाली पत्र्यावर पडलेला सापडला. "गल्ली सुंदर दिसत होती" असं कोणी लिहिलं की अक्का छत्रीनं खिडकी दाखवत आणि म्हणत, "पुन्हा बघून ये. सुंदर कुठं बैसलं आहे ते बघ."

ऑक्टोबर लागला की पुस्तकात शरद ऋतूचा धडा यायचा. पाऊस संपला, आकाश निरभ्र झालं, चिखल वाळला, नदीचं पाणी नितळ झालं, अशी वाक्यं. आणि नेमका तेव्हाच मद्रासचा पाऊस सुरू व्हायचा. आमच्याकडचा संपतो तेव्हा यांचा येतो. धडा वाचायला मुलं उभी राहायची आणि छताच्या कोपऱ्यातून टपटप पाणी बादलीत पडायचं. पुढं कोजागरीला मी दूध आटवून गच्चीवर गेले तर चंद्र सोडा, समोरचं घर दिसेना. अक्का हा धडा कसा शिकवतात याची मला उत्सुकता होती. त्यांनी आधी धडा वाचून घेतला, मग मुलांना खिडकीशी पाठवलं, आणि मग पुस्तकातला शरद एका बाजूला आणि खिडकीतला दुसऱ्या बाजूला, असा फळा दोन भागांत भरला.

त्या दिवशी मधल्या सुटीत कॉफी पिताना त्यांनी मला विचारलं, "तुमच्या पुण्यात खरेंच आकाश निरभ्र होतं का, सुमतीबाई?"

मी म्हटलं, होतं. अगदी धुऊन ठेवल्यासारखं होतं.

"मग पुस्तक खोटं नोहे," त्या समाधानानं म्हणाल्या. "फक्त आपल्या खिडकीतलं नोहे."

खिडकीतल्या शरदावर रुक्कूनं त्या दिवशी लिहिलेलं मला अजून पाठ आहे. "गाय पावसात उभी आहे. तिच्या पोटाखाली कोरडं आहे. तिथं एक कोंबडी आहे." आठ वर्षांची मुलगी. मी चौथीला निबंध शिकवत होते आणि माझ्या सहाही मुलींनी 'वर्षा ऋतू हा सर्वांचा आवडता ऋतू आहे' असं लिहिलं होतं. मी ती वही मिटली. मत्सर वाटला, दुसरं काय.

त्याच आठवड्यात व्यवस्थापकांनी आम्हा दोघींना खाली बोलावलं. दिवाळीच्या आधी महाराष्ट्राकडून एक शिक्षणाधिकारी येणार होते, शाळेच्याच विनंतीवरून, मराठी वर्ग बघायला. त्यांचं मत चांगलं पडलं तर जूनपासून पुन्हा पहिली सुरू करू. नाही पडलं तर दिवाळीनंतर तिसरी बंद, मुलं शेजारच्या इंग्रजी वर्गात बसतील. माझ्या चौथीचा प्रश्न नव्हता, त्या मुली मार्चमध्ये तशाही बाहेर पडणार होत्या. प्रश्न तिसरीचा होता. व्यवस्थापक वाईट नव्हते, त्यांना खोल्या कमी पडत होत्या. जिन्यावरून वर येताना अक्कांनी कठडा घट्ट धरला होता. मी काहीतरी धीराचं बोलले. त्या म्हणाल्या, "अकरा आहेत. एक जरी गेला तरी ते म्हणतील, मुलंच नाहीत."

नवरात्र होतं. घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्यांचे कोलू मांडलेले, संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला फिरत, गाणं म्हणत, नारळ घातलेली सुंडलची उसळ खात. अक्का त्या वर्षी अकराही घरी गेल्या आणि मला सोबत नेलं. कोलू बघायला नव्हे, मुलं राखायला. रुक्कूच्या घरी आईनं आम्हाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं. अक्कांनी एक जुनं पद म्हटलं. आवाज काही फार चांगला नव्हता. मग विषय निघाला. रुक्कूचे वडील एग्मोरला एका कचेरीत कारकून होते. ते म्हणाले, पोरीला पुढं नोकरी लागायची ती इंग्रजीवर. मराठी आम्ही घरात बोलतोच की, शाळेत कशास? आणि हे बोलता बोलताच त्यांनी रुक्कूला पाणी आणायला सांगितलं ते तमिळमध्ये, आणि तीही तमिळमध्येच उत्तर देऊन गेली. ते कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. अक्कांच्या आलं. त्यांनी हातातली सुंडलची वाटी खाली ठेवली.

"दिवाळीपर्यंत ठेवा," त्या म्हणाल्या. "मी तुम्हास कधी काही मागितलं नोहे. दिवाळीपर्यंत."

रुक्कूच्या वडिलांना त्यांनीच तिसरीत शिकवलं होतं. ते खाली मान घालून बरं म्हणाले. परतताना गल्लीत अक्का माझ्या पुढं पुढं चालत होत्या. पन्नाशीच्या बाईला आपल्याच विद्यार्थ्यापुढे पदर पसरताना मी पाहिलं होतं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

आता माझ्याबद्दल सांगते, कारण त्याशिवाय हे पुरं होत नाही. सल्ला मी दिला. मी म्हटलं, अक्का, येणारा माणूस तिकडचा आहे. त्याच्या डोळ्यांपुढे पुस्तक असणार. शरद ऋतूत काय होतं असं त्यानं विचारलं आणि तुमच्या पोरांनी पाऊस पडतो असं सांगितलं, तर तो म्हणेल, यांना ऋतूसुद्धा येत नाहीत. ही खिडकी, या वह्या, हे सगळं तीन आठवडे बाजूला ठेवा. पुस्तकातलं पाठ करून घ्या. आणि ते 'पुसणं' बंद करा. 'विचारणं' म्हणायला लावा, नाहीतर तो पहिल्याच वाक्याला हसेल.

अक्कांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, तिकडचं तुम्हास जास्त ठाऊक. आणि त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा वह्या गोळा करून कपाटात ठेवल्या.

ते तीन आठवडे आठवले की अजूनही मला बसल्या जागी कानकोंडं व्हायला होतं. मीच रोज एक तास तिसरीवर जायचे. खिडकीची दारं लावून घ्यायचे, मुलांचं लक्ष जातं म्हणून. मुलं एका सुरात म्हणायची, शरद ऋतूत आकाश निरभ्र असते. बाहेर धो धो. कोणी 'पुसू का' म्हटलं की मी पट्टी आपटायचे आणि ते मूल घाबरून 'विचारू का' म्हणायचं. 'पूस' वाईट, 'विचार' चांगलं, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं. अक्का मागच्या बाकावर छत्री मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. थांबवलं असतं तर बरं झालं असतं, असं मी किती वेळा म्हणून घेतलंय. पण थांबायचं माझं मला कळायला हवं होतं.

अधिकारी आले त्या दिवशी गल्लीत गुडघाभर पाणी होतं. अकराही मुलं आली, कोणी बापाच्या खांद्यावर, कोणी चप्पल हातात घेऊन. साहेबही विजारीचे पाय दुमडून, बूट हातात घेऊनच जिना चढले. साधा, हसतमुख माणूस. मला वाटलं, झालं आपलं काम. फळा आदल्या दिवशीच सुरेख अक्षरात भरून ठेवला होता, रंगीत खडूनं किनार काढून.

त्यांनी अगदी तोच प्रश्न विचारला. शरद ऋतूत आकाश कसं असतं? अकरा गळ्यांनी उत्तर दिलं, शरद ऋतूत आकाश निरभ्र असते. कोपऱ्यातल्या बादलीत पाणी टपटपत होतं. साहेब हसले, उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी उघडली. पावसाची झड आत आली. पुढच्या बाकावरच्या रुक्कूला त्यांनी विचारलं, "आणि आज कसं आहे?"

हा प्रश्न आम्ही घोकला नव्हता. रुक्कूनं खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी तिला धीर यावा म्हणून मान हलवली, बोल, एवढंच माझ्या मनात होतं. तिनं त्याचा अर्थ तीन आठवड्यांच्या सवयीनं लावला.

"आज आकाश निरभ्र आहे," ती म्हणाली.

साहेबांचं हसू गेलं. रागावले नाहीत. म्हणाले, बरं बाळ, तेच फळ्यावर लिहून दाखव. फळा तर गच्च भरलेला. रुक्कू फळ्याशी गेली, डस्टर उचललं आणि थबकली. साहेबांपुढे चुकीचा शब्द बोलायचा नव्हता. तिनं मिटवू म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तिला चांगल्यातला चांगला शब्द हवा होता: पहिल्या दिवशी मी फळा 'पूस' म्हटलं होतं, आणि 'पूस'च्या जागी आता 'विचार' म्हणायचं होतं. वळून मोठ्या अदबीनं तिनं विचारलं, "साहेब, आधी फळा विचारू का?"

साहेबांना कळेना. कोणाला विचारायचं, म्हणाले. रुक्कू म्हणाली, फळा. बाकीची मुलं मान डोलावू लागली, कारण त्यांच्या मते तिनं बरोबरच म्हटलं होतं. मी तोंड उघडलं, पण एवढं सगळं सांगायला सुरुवात कुठून करणार? अक्का पाठमोऱ्या खिडकीशी उभ्या होत्या आणि झडीनं त्यांचं पातळ भिजत होतं. शेवटी रुक्कूनं फळ्याच्या एका कोपऱ्यात, किनारीच्या बाहेर, बारीक अक्षरात ते वाक्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकांनी अभिप्राय वाचून दाखवला. मुले पाठ म्हणतात, समोरचे पाहत नाहीत. नित्याच्या शब्दांचाही अर्थ त्यांना उमगत नाही. अक्कांनी तो कागद हातात घेतला आणि पहिलं वाक्य छत्रीच्या टोकानं नव्हे, बोटानं दाखवत पुन्हा वाचलं. पाहत नाहीत. मला तिथंच रडू फुटलं. मी म्हटलं, चूक माझी आहे, मी त्यांना भेटून सांगते. अक्का वर गेल्या, कपाट उघडलं, अकरा वह्या काढल्या आणि म्हणाल्या, "चला."

साहेब एग्मोरला स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये उतरले होते. बस मध्येच पाण्यात बंद पडली. उरलेलं अंतर आम्ही चालत गेलो. आणि त्या दिवशी मी अंबुजाअक्कांना छत्री उघडताना पाहिलं. वह्या छातीशी धरून त्यांनी छत्री वह्यांवर धरली होती, स्वतःचं डोकं बाहेर. मोडक्या काडीचा कोपरा लोंबत होता, त्यातून पाणी वह्यांवर पडू नये म्हणून त्या तिरक्या तिरक्या चालत होत्या. वाटेत एकदाच बोलल्या. म्हणाल्या, त्यांस गाईची ओळ आधी दाखवू.

लॉजच्या माणसानं सांगितलं, महाराष्ट्राचे साहेब सकाळीच गेले. पत्ता? पत्ता त्याच्याकडे नव्हता. अक्का त्याला वह्या दाखवू लागल्या. तो तमिळ माणूस, त्याला एक अक्षर कळेना, पण बिचाऱ्यानं वही हातात घेऊन पानं उलटली आणि अक्षर चांगलं आहे असं म्हणाला. अक्का त्याला तमिळमध्ये ती गाईची ओळ समजावून सांगू लागल्या. पोटाखाली कोरडं, तिथं कोंबडी. तो मान हलवत राहिला. मी त्यांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं.

दिवाळीपर्यंतच्या आठ दिवसांत अक्कांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. वह्या मुलांना परत दिल्या, रोज खिडकीशी पाठवलं. मुलं आधी माझ्याकडे भीत भीत बघायची, मग जायची. दिवाळीची सुटी संपली आणि अकराही जण दप्तरं घेऊन शेजारच्या खोलीत गेली. रुक्कूनं जाताना अक्कांना नमस्कार केला. 'दिसलं' वही कुठं ठेवू, असं पुसलं. अक्का म्हणाल्या, तुझ्यापाशी.

त्याच दिवशी दुपारी मी तिसरीच्या खोलीत गेले. माझ्या नवऱ्याची त्रिचीला बदली झाली होती, मला ते त्यांना सांगायचं होतं. अक्का रिकाम्या वर्गात खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर पाऊस होताच. भिंतीपलीकडून मुलांचा एक सुरातला आवाज येत होता, त्यात रुक्कूचाही. त्या इंग्रजी पुस्तकातही तेव्हा शरदच चालला होता. झाडांची पानं लाल होत होती, गळत होती, मुलं थंडीचे कोट घालून ती गोळा करत होती. आमची मुलं अर्थ न कळता ते घोकत होती.

फळा तसाच होता. रंगीत किनार, पुस्तकातली वाक्यं, आणि कोपऱ्यात ते बारीक अक्षर, आज आकाश निरभ्र आहे. माझ्यानं ते बघवेना. मी डस्टर उचललं.

"पुसू का, अक्का?"

"पुसा," त्या मागे न वळता म्हणाल्या. "पण उत्तर मज ठाऊक नोहे, सुमतीबाई."

मी डस्टर होतं तिथं ठेवून दिलं.